अकराव्या दातानंतर

१

सोमवारी, १७ फेब्रुवारी १९८६ रोजी, सकाळी सव्वानऊ वाजता डॉ. हरिश्चंद्र सुर्व्यांनी लेसरची कळ दाबली आणि मापकाचा काटा शून्यावरून हलला नाही.

त्यांनी पुन्हा कळ दाबली. तारा तपासल्या. भिंगावर धूळ नव्हती आणि खोलीत जळका वासही नव्हता. तो लेसर तसा चालू असतानाही दिसायचा नाही. त्याचा प्रकाश अवरक्त, माणसाच्या डोळ्याला न कळणारा. तो आहे हे काट्यावरून समजायचं आणि तो गेला हेही काट्यानेच सांगितलं.

रत्नागिरीच्या टेकाडावर, समुद्राकडे तोंड करून असलेल्या त्या सागरी प्रकाशमापन केंद्रात तीनच माणसं होती आणि लेसर एकच. त्यातला, तांदळाच्या दाण्याहून लहान असा स्फटिक परदेशातून मागवायला दोन वर्षं लागली होती. धुक्यात बंदराचं तोंड किती अंतरावरून ओळखता येईल, हे त्याच्या किरणाने मोजायचं होतं. पण समुद्रावरच्या हवेतली वाफ ठराविक तरंगलांब्या गिळून टाकते. म्हणून आधी लेसरचा वर्णपट मोजायचा, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या तरंगलांब्या फिरत्या जाळीने वेगळ्या करून रेकॉर्डरच्या कागदावर उतरवायच्या. गेला दीड महिना तेवढंच काम चाललं होतं.

रेकॉर्डरवर शेवटचा आलेख तसाच होता. कंगव्याच्या दातांसारखी ओळीने उभी शिखरं, आणि सतराव्या शिखरानंतर एकदम सपाट रेघ. लेसर मोजणी चालू असतानाच मेला होता.

आलेखाच्या वर निळ्या शाईत इंग्रजी मथळा होता : शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळी ११.४०. खाली सही, नंदा सकपाळ.

नंदा दारात उभी होती. गावाहून पहिल्या एसटीने येऊन ती नुकतीच आत शिरत होती.

"सर, मथळा माझा आहे," ती म्हणाली. "आलेख माझा नाही."

२

मुंबईच्या मुख्य कार्यालयातून चौकशी अधिकारी म्हणून सखाराम तोडणकर गुरुवारी आले. वय छप्पन्न. एके काळी ते उपकरणं दुरुस्त करायचे. मग हात थरथरू लागला म्हणून त्यांना टेबल दिलं, आणि टेबलावर बसून माणसांच्या चुका शोधायचं काम दिलं. वर्षातले आठ महिने ते कुठल्या ना कुठल्या विश्रामगृहात असत. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं, त्यामुळे परतीची घाई नसे. चौकशी अधिकाऱ्याशेजारी कोणी जेवायला बसत नाही, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. आता त्यांनी स्वतःच कोपऱ्यातलं टेबल निवडायची सवय लावून घेतली होती.

"तोडणकर, प्रकरण सरळ आहे," डॉ. सुर्वे म्हणाले. उंच, गोरे, बोलताना घड्याळाकडे बघणारे. कुटुंब पुण्यात, इथे क्वार्टरमध्ये एकटेच. "शुक्रवारी मी अकरा वाजता दापोलीला निघालो. शनिवारी दुपारी चार ते सहा तिथे व्याख्यान होतं, रविवारी रात्री परतलो. हिने मोजणी घेतली, प्रवाह जास्त सोडला, लेसर जाळला आणि साडेबाराच्या एसटीने घर गाठलं."

"ती म्हणते, वीज गेली होती."

"दहा मिनिटांत आली. वीज मंडळाच्या वहीत नोंद आहे. तिच्याकडे अर्धा तास होता."

"दुसरं कोणी?"

सुर्वे हसले. "हे यंत्र दोघांनाच चालवता येतं. आलेख पाहा, सुरुवातीला शून्य नीट लावलंय, जाळी बरोबर फिरवलीय. अडाण्याचं काम नाही. मी दापोलीत होतो. उरलं कोण?"

नंदा सव्वीस वर्षांची होती. आतल्या गावातली. घरात कॉलेज शिकलेली पहिलीच. तिचा परिवीक्षा काळ २८ फेब्रुवारीला संपत होता. सेवेत कायम करायचं की घरी पाठवायचं, ते तोडणकरांच्या अहवालावर ठरणार होतं. हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही दिसत होतं.

"चहा घ्याल?" तिने विचारलं. "की चौकशीला आलेले घेत नाहीत?"

"घेतात. फक्त कोणी विचारत नाही."

ती जराशी ओशाळली. मग सरळ बोलू लागली. लेसर चालू केल्यावर त्याला स्थिरावायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पुढच्या आलेखाचा मथळा लिहून ठेवायचा, ही तिची रीत. शुक्रवारीही तिने लिहिला आणि पाच मिनिटांत वीज गेली.

"पुन्हा सगळं स्थिरावून, मोजून, बंद करेपर्यंत एसटी चुकली असती. मी कळा बंद केल्या, कुलूप लावलं, निघाले."

"पुढची एसटी?"

"आमच्या गावाला पुढची एसटी दुसऱ्या दिवशी असते, सर." ती थांबली. "लिहून घेताय ना? मग हेही लिहा. दीड महिना मी या खोलीत एकटी बसून मोजतेय. सर आठवड्यातून एकदा येऊन सही करतात. आलेख चांगला आला तर केंद्राचा. बिघडला तर नंदा सकपाळचा."

तोडणकरांनी तेही लिहून घेतलं.

तिसरा माणूस बाळा पाष्टे. केंद्राचा शिपाई, बावीस वर्षं नोकरी, जूनमध्ये निवृत्त होणार. बायको गेलेली, मुलगा मुंबईला. सकाळी दार उघडायचं, झाडायचं, दर सोमवारी रेकॉर्डरच्या घड्याळाला चावी द्यायची, संध्याकाळी दार लावायचं.

"किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"तिगांकडं, सायब."

"शनिवार-रविवार सुट्टीत कुठे होतास?"

"सकाळी भाट्याला नारळ मोजाय गेलो व्हतो. सुट्टीचं जातो मी."

तोडणकरांनी किल्लीची नोंद केली आणि त्याला चहाच्या कपबशा न्यायला सांगितलं. बाळा क्षणभर घुटमळला. मग कपबशा घेऊन गेला.

३

शुक्रवारी तोडणकर आलेख घेऊन खिडकीशी बसले. खाली मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडून बर्फ फोडण्याचे आवाज येत होते. खोलीत नंदा होती, बाळा होता.

जुन्या सवयीने त्यांनी पट्टी काढली आणि दात मोजायला सुरुवात केली.

लेसरच्या वर्णपटातले हे दात मनाप्रमाणे पुढेमागे होत नाहीत. स्फटिकाची लांबी ठरलेली, म्हणून दोन दातांमधलं अंतरही ठरलेलं. नंदाच्या आधीच्या चौतीस आलेखांत ते दहा मिलिमीटर होतं. या आलेखातही पहिला दात ते दुसरा, दहा. दुसरा ते तिसरा, दहा. अकराव्या दातापर्यंत दहाच.

अकरावा ते बारावा, साडेदहा.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. साडेदहाच. तिथून सतराव्यापर्यंत प्रत्येक अंतर साडेदहा.

कागद सरकला असेल? त्यांनी रेकॉर्डर रिकामा चालवून मनगटी घड्याळाशी ताडून पाहिला. कागद चावीच्या घड्याळावर चालत होता आणि अगदी इमानाने चालत होता. मग उरली ती वर्णपटमापकाची जाळी फिरवणारी मोटार. त्यांनी वाकून तिच्यावरची माहितीची पाटी वाचली.

ती मोटार विजेच्या ठोक्यांवर चालणारी होती. सेकंदाला पन्नास ठोके आले तर ठरलेल्या गतीने, कमी आले तर तेवढीच हळू. मोटार मंदावली की जाळी हळू फिरणार. कागद मात्र आपल्याच गतीने पुढे जाणार, आणि दात लांब पडणार. दहाचे साडेदहा झाले, म्हणजे पन्नास ठोक्यांचे साडेसत्तेचाळीसच्या आसपास आले होते. तेही हळूहळू नाही. एका दातात.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दातांखाली शिसपेन्सिलीचे बारीक ठिपके होते. नंदा मोजताना दर पाचव्या दाताखाली ठिपका द्यायची, तिच्या सगळ्या आलेखांत तसेच होते. या आलेखात ठिपके होते चौथ्या, आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या दाताखाली.

"काही सापडलं, सर?" नंदाने विचारलं.

"शुक्रवारी दुपारी तुमच्या गावच्या वाटेवर दिवे मंद झाले होते?"

"आमच्या गावच्या वाटेवर दिवेच नाहीत," नंदा म्हणाली.

तोडणकरांनी वहीत एक ओळ लिहिली, खाली तारीख-वेळ टाकली, वही खिशात घातली आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

४

शनिवारी सकाळच्या एसटीने ते चिपळूणला आणि तिथून अलोऱ्याला गेले. चिपळूणच्या स्टँडवर एक माणूस गाडीच्या टपावर नारळ चढवत होता. दोन्ही हातांत दोन-दोन, एका फेकीला चार. वरचा ओरडून आकडा सांगत होता : "चार! आठ! बारा!" तोडणकर त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले, की त्यांची गाडी सुटता सुटता राहिली.

अलोऱ्याच्या कोयना वसाहतीत रावजी शिर्के राहत. वीजगृहातल्या नियंत्रण कक्षात पाळी करणारे. पूर्वी एका मीटरच्या दुरुस्तीत दोघांची ओळख झाली होती.

"अहो, लेसर मेला तुमचा आणि पंचनामा आमच्या वहीचा?" रावजी म्हणाले.

"रत्नागिरीत आलेले ठोके तुमच्याकडे लिहिलेले असतील का?"

"विजेच्या सगळ्या जाळ्याला ठोके एकच. इथे साडेसत्तेचाळीस झाले की मुंबईच्या पंख्यालाही साडेसत्तेचाळीस. तासातासाला लिहितो, आणि मध्येच घोटाळा झाला तर मिनिटासकट. तारीख सांगा."

"चौदा. सकाळी अकरा ते साडेबारा."

रावजींनी वरिष्ठांची परवानगी घेऊन वही समोर ठेवली. शुक्रवारी अकरा वाजता पन्नास, बारा वाजता पन्नासला किंचित कमी. घोटाळ्याची नोंद नाही. रत्नागिरीची वीज गेली ती गावातल्याच कुठल्या तरी तारेमुळे.

तोडणकरांनी बोट खाली सरकवलं. शुक्रवारची दुपार, संध्याकाळ. शनिवार सकाळ. बोट एका लाल शाईच्या ओळीवर थांबलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.२० : लांबच्या एका वीजकेंद्रातला संच अचानक बंद. ठोके पन्नासवरून ४७.६. ५.२३ : भार तोडला, काही भागांची वीज बंद. विजेचा दाब एकदम चढला.

सोमवार सकाळपर्यंत दुसरी लाल ओळ नव्हती.

"तीन मिनिटं," तोडणकर पुटपुटले. आलेखावर अकराव्या दातापासून सतराव्यापर्यंत त्रेसष्ट मिलिमीटर होते आणि कागद मिनिटाला वीस मिलिमीटर चालत होता. तीन मिनिटांहून जरासं जास्त. भार तोडल्यावर चढलेल्या दाबाच्या त्या एका झटक्यात स्फटिक गेला होता. कोणी जास्त प्रवाह सोडला नव्हता. चालवणाऱ्याच्या हातून काहीच चुकलं नव्हतं.

पण चालवणारा होता कोण? शनिवारी त्या वेळी नंदा गावच्या विहाराच्या बैठकीत होती, रविवारी त्यांनी तिच्या गावी जाऊन पाहिलेलं इतिवृत्त तिच्याच अक्षरात होतं. सुर्वे दापोलीत शंभर माणसांसमोर बोलत होते, हे तोडणकरांनी ट्रंक कॉल करून पक्कं केलं होतं.

यंत्र चालवता येणारी दोन्ही माणसं तिथे नव्हती. आणि यंत्र तर कोणीतरी चालवलं होतं.

५

सोमवारी त्यांनी तिघांना मोजणीच्या खोलीत बसवलं. बाळा उभाच राहिला.

"बसा, पाष्टे," तोडणकर म्हणाले. आडनावाने हाक ऐकून बाळाने मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

ठोके, दात, लाल ओळ, हे सगळं तोडणकरांनी सांगितलं. फक्त कितव्या दाताला काय झालं, तो आकडा सांगितला नाही. नंदा ऐकता ऐकता ताठ बसली. सुर्व्यांनी आलेख ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"ठीक. शनिवार मान्य," ते म्हणाले. "मग कोणीतरी बाहेरचा. हिला अडकवण्यासाठी हिच्या मथळ्याखाली मोजणी घेतली."

"अडकवणाऱ्याने यंत्र इतकं जपून चालवलं नसतं. मी उलटा विचार केला. दुसऱ्याने लिहिलेल्या मथळ्याखाली मोजणी कोण घेईल? लिहिता येणारा माणूस कागद पुढे सरकवील आणि आपला मथळा लिहील." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'मथळा लिहिल्याशिवाय कागद चालवू नये.' "ज्याला नियम मोडायचा नाही, पण इंग्रजी मथळा लिहिता येत नाही, तो तयार मथळ्याचा कागद मिळेपर्यंत थांबेल. शुक्रवारी तो मिळाला. आणि ठिपके पाहा. दर चौथ्या दाताखाली. नारळ मोजणारा हात चाराने मोजतो."

मग सुर्वे मोठ्याने हसले.

"बाळा? अहो, त्याला ऑन आणि ऑफ वाचता येत नाही! तुम्ही चौकशी करताय की थट्टा?"

बाळा खाली बघत होता.

"सर म्हणतात तुम्हाला येत नाही," तोडणकर म्हणाले. "काय ते तुम्ही सांगा."

"बाय दीड म्हयना करते ते बगतो ना मी." बाळा बोटांवर मोजत म्हणाला. "आधी म्होटी कळ. मग इस मिन्टं थांबायचा. मग काटा शून्यावर. मग लहान कळ. वाचाय कशाला लागतंय?"

"ऐकून कोणीही सांगेल," सुर्वे म्हणाले. "लेसर मेलाय, आता करून दाखवता येणार नाही. ही कबुली मी धरणार नाही, तोडणकर. म्हातारा पोरीला वाचवतोय."

नंदाचा चेहरा उतरला. शनिवारच्या आलेखाला धनी मिळाला नाही, तर मथळ्यावरची सही तिचीच राहणार होती. सुर्व्यांना तेवढं पुरेसं होतं.

"पाष्टे, मोजणी चालू असताना काही वेगळं झालं?"

बाळाने डोळे मिटले. "झालं ना. अकरा दात जाईस्तवर मोटारीचा आवाज सरळ व्हता. मग उतरला."

"म्हणजे काय उतरला?" सुर्वे.

"सूर, सायब. अर्धा सूर. मी नमनाच्या खेळाला मृदंग वाजवतो, सूर उतरला तं कळतो. मला वाटला मोटार बिघडली. कळ दाबायची का नाय, इचार करतो तवर आनखी पाच-सा दात गेले, न् सगळाच सपाट."

तोडणकरांनी खिशातून वही काढली आणि शुक्रवारचं पान उघडून सुर्व्यांपुढे ठेवलं. 'अकराव्या दातानंतर बदल' एवढीच ओळ तिथे होती, खाली तारीख आणि वेळ.

"ही वही माझ्या खिशाबाहेर आली नव्हती," ते म्हणाले. "पन्नासचे साडेसत्तेचाळीस झाले की मोटारीचा गुणगुणता सूर जवळपास अर्ध्या सुराने उतरतो. हे खोलीत बसलेल्या माणसालाच कळणार."

सुर्व्यांनी वही बंद केली. घड्याळाकडे पाहिलं नाही.

"बाळाकाका," नंदा म्हणाली, "आठ दिवस गप्प का राहिलात?"

"सायबांच्या दाराशी दोनदा गेलो, बाय. दोनदा चाय आणाय सांगितली." मग तो तोडणकरांकडे वळला. "न् तुमी इचारलाव किल्ली. किल्लीचा सांगितला. मंग कपबश्या न्या म्हटलाव."

इतक्या वर्षांच्या चौकश्यांत आपण किती शिपायांना किल्लीपुरतंच विचारून उठलो, ते तोडणकरांनी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

"पण केलंत कशाला?" नंदाचा आवाज हळू होता.

बाळाने यंत्राकडे पाहिलं.

"शनवारी संध्याकाळी घरात करायचा काय?" तो म्हणाला. "हितं यंत्र तरी चालू आसतंय. बावीस वर्सं दार उघडला. जूनला किल्ली देयाची. म्हटला, एकदा बगू, आपल्या हातान् येतंय काय."

६

अहवाल तोडणकरांनी त्याच संध्याकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून लिहिला. कारण : वीजपुरवठ्यातला अकस्मात झटका. नंदा सकपाळ : दोष नाही, सेवेत कायम करण्यास हरकत नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. पाष्ट्यांचं नाव गाळलं तर आलेख पुन्हा बेवारशी होत होता, आणि बेवारशी आलेख पुन्हा नंदाच्या सहीखाली जाऊन बसणार होता. त्यांनी लिहिलं : 'उपकरण बाळा पाष्टे, शिपाई, यांनी परवानगीशिवाय चालवले. हाताळणीत चूक आढळली नाही.' दोन्ही वाक्यं खरी होती, म्हणून दोन्ही ठेवली.

मंगळवारी सकाळी एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागायला वेळ होता. तोडणकर सवयीप्रमाणे टोकाच्या बाकावर बसले होते. बाळा आला. त्यांच्या शेजारी जागा होती, तिच्याकडे बघून तो उभाच राहिला. तोडणकरांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग तो बसला.

"सेवापुस्तकात शेरा जाईल," तोडणकर म्हणाले. "मला तो टाळता आला नाही."

"जाव दे. बायचा काय झाला?"

"कायम होईल."

"मंग झाला."

गाडी लागली. माणसं दाराशी दाटली. बाळाने तोडणकरांची ट्रंक उचलायला हात घातला, त्यांनी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही. ट्रंक वर चढवून तो खिडकीखाली येऊन उभा राहिला. कंडक्टरने घंटी ओढली.

"सायब," तो म्हणाला, "आलेख बरा आल्ता काय ओ?"

चौकशी अधिकाऱ्याने अहवालाबाहेर मत द्यायचं नसतं. तोडणकरांनी ते कधी दिलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजातून डोकं जमेल तेवढं पुढे काढलं.

"मी पस्तीस आलेख पट्टी लावून मोजले, पाष्टे," त्यांनी मोठ्याने सांगितलं, शेजारच्या प्रवाशांनी माना वळवल्या एवढ्या मोठ्याने. "तुमचा सगळ्यांत स्वच्छ आहे."